प्रतिसरकार आणि सरकार : सातारा-सांगलीतील एका स्थित्यंतराचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

परकीय सत्तेविरुद्ध लढलेली चळवळ स्वातंत्र्यानंतर सत्ताधारी पक्ष कशी बनते, हा प्रश्न बहुधा व्यक्तींच्या अंगाने मांडला जातो. कालचा बंदिवान आज मंत्री झाला, कालचा भूमिगत आज अध्यक्ष झाला, आणि त्यागाची जागा अधिकाराने घेतली, अशी ती कथा असते. कीर्तनाला ती पुरेशी होईल. इतिहासाच्या अभ्यासकाला ती अपुरी पडते. चळवळ म्हणजे माणसांचा केवळ समुदाय नव्हे. ती समाजात काही निश्चित कामे करीत असते. म्हणून विचारावयाचे ते असे, की सत्तांतर झाले त्या वेळी चळवळीची कोणती कामे पक्षाने उचलली, कोणती जुन्या राज्ययंत्रणेकडे परत गेली आणि कोणती कोणीच न उचलल्यामुळे लोप पावली?

या प्रश्नाचा विचार करण्यास सातारा जिल्ह्याइतके अनुकूल क्षेत्र महाराष्ट्रात दुसरे नाही. येथे १९४३ ते १९४६ या काळात ब्रिटिश सत्तेच्या शेजारी दुसरी एक सत्ता प्रत्यक्ष नांदत होती. ती तंटे तोडीत होती, शिक्षा देत होती, लग्ने लावीत होती. पुढे याच भूमीतून महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण आणि त्यांच्यामागून मुख्यमंत्री झालेले वसंतदादा पाटील निघाले, तसेच सत्ताधारी पक्षाचे कडवे विरोधकही निघाले. येथे ‘सातारा’ या शब्दाने १९४९ पूर्वीचा अखंड जिल्हा अभिप्रेत आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजी त्याचे विभाजन होऊन व संस्थानी मुलूख जोडला जाऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि २१ नोव्हेंबर १९६० पासून त्यास सांगली हे नाव मिळाले.

२. पूर्वपीठिका

प्रतिसरकार १९४२ च्या आवेशातून एकाएकी उगवले नाही. १८७३ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे बीज या जिल्ह्यात खोल रुजले होते. पुरोहितावाचून विवाह, सावकारीस विरोध, कुळांच्या हक्कांची जाणीव हे विचार जलशांच्या द्वारा खेडोपाडी पोहोचले, आणि १९२० च्या सुमारास काही गावांत कुळांनी जमीनमालकांविरुद्ध उठावही केला. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. तिच्या वसतिगृहांनी शेतकऱ्यांच्या मुलांची एक शिकलेली पिढी घडविली. १९३० च्या जंगल सत्याग्रहात बिळाशीसारखी गावे काँग्रेसच्या झेंड्याखाली उभी राहिली. त्याच वर्षी नाना पाटील यांनी तलाठ्याची नोकरी सोडली. पुढे केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर पक्षाचे नेते काँग्रेसमध्ये आले आणि १९३६ चे फैजपूर अधिवेशन खेड्यात भरले, तेव्हा सत्यशोधकी परंपरा व राष्ट्रीय चळवळ हे दोन प्रवाह एकत्र मिळाले.

तिसरा घटक औंध संस्थानाचा. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने १९३९ साली आपल्या प्रजेस स्वराज्याची घटना दिली. ग्रामपंचायत हा तिचा पाया होता आणि न्यायदानातही गावच्या पंचांना स्थान होते. कुंडल हे गाव याच संस्थानातले. ब्रिटिश पोलिसांना तेथे सहज हात घालता येत नसे. प्रतिसरकाराचे एक प्रमुख केंद्र कुंडल व्हावे, यास भूगोलाइतकाच हा राजकीय अनुभवही कारण झाला असावा.

३. मोर्चाकडून न्यायमंडळाकडे

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव झाल्यानंतर साताऱ्यातील चळवळीने प्रथम मामलेदार कचेरीकडे मोर्चा वळविला. २४ ऑगस्टला कऱ्हाड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर असा तो क्रम आहे. वडूज येथे गोळीबारात परशुराम घार्गे व त्यांचे सहकारी पडले; इस्लामपूर येथे किर्लोस्करवाडीचे अभियंता उमाशंकर पंड्या व कामेरीचे विष्णू बारपटे पडले. कचेरी हे लक्ष्य का, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. खेड्याला दिसणारे साम्राज्य म्हणजे कचेरी. सारा, दाखला, जप्ती, फिर्याद सर्व काही तेथे. त्या इमारतीवर तिरंगा लावणे व मामलेदाराने नव्या सत्तेस मान देणे, म्हणजेच राज्य बदलले असे लोकांस वाटत होते.

गोळीबारानंतर हा मार्ग खुंटला. पुढाऱ्यांनी भूमिगत होऊन तारा तोडणे, चावड्या जाळणे, खजिने लुटणे असे उपाय योजिले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची आगगाडी लुटली गेली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील व त्यांचे सहकारी सांगलीच्या तुरुंगाचा तट उडी मारून निसटले, त्या पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव मारले गेले. तथापि प्रतिसरकाराचे वैशिष्ट्य या धाडसांत नाही. अशी धाडसे १९४२ मध्ये देशभर झाली. सरकारची पकड ढिली होताच दरोडेखोर व गावगुंड माजले, आणि भूमिगतांना आश्रय देणाऱ्या गावांनी त्यांच्याकडेच संरक्षण मागितले. या मागणीतून तुफान सेना उभी राहिली आणि गावोगाव न्यायदान मंडळे स्थापन झाली.

गावाने निवडलेले पंच उघड्यावर बसत. जमिनीचे वाद, गहाणखते, सावकाराचे देणे, टाकून दिलेल्या बायकोची पोटगी, चोरी, दारू असे तंटे त्यांच्यापुढे येत. वकील नव्हता, मुद्रांक नव्हता, तारखांचा खेळ नव्हता. तालुक्याच्या न्यायालयात वर्षानुवर्षे रेंगाळणारा तंटा येथे एका बैठकीत सुटे. याचबरोबर अल्पखर्चाचे ‘गांधी विवाह’ लावले जात. सत्यशोधकी विवाहाचा हा नवा अवतार होता. या व्यवस्थेच्या मर्यादाही लपविण्याचे कारण नाही. तिच्या निर्णयावर अपील नव्हते. तळपायावर मारण्याची शिक्षा क्रूर होती, आणि खबऱ्या ठरविलेल्या इसमास प्राणास मुकावे लागे. पंचांत जमीनधारक शेतकरी अधिक असत. महार, मांग, रामोशी या समाजांतील माणसे चळवळीत होती, परंतु निवाड्याच्या बैठकीत त्यांचा वाटा अल्प होता. स्त्रियांनी निरोप व हत्यारे पोहोचविली, भूमिगतांना दडविले. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांचे नाव या संदर्भात प्रसिद्ध आहे. तरीही पंच बहुधा पुरुषच होते.

४. एका शब्दाचा इतिहास

या सत्तेच्या नावाचा थोडा विचार करणे येथे अप्रस्तुत होणार नाही. ‘सरकार’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत राजा, इनामदार व शासन या तिघांनाही लागत आला. त्यास लागलेला ‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग द्व्यर्थी आहे. ‘प्रतिकार’, ‘प्रतिवाद’ यांत तो विरोध दाखवितो. ‘प्रतिमा’, ‘प्रतिबिंब’ यांत तो साम्य दाखवितो. आणि ‘प्रतिनिधी’ या शब्दात तो दुसऱ्याच्या ठिकाणी उभे राहणे दर्शवितो. साताऱ्याचे प्रतिसरकार पहिल्या दोन्ही अर्थांनी प्रतिसरकार होते. ते सरकारला विरोध करीत होते आणि सरकारची कामेही करीत होते. तिसऱ्या अर्थाचा उदय १९४६ च्या निवडणुकीबरोबर झाला.

लोकांच्या तोंडी मात्र या शब्दाचे ‘पत्री सरकार’ झाले. संस्कृत जोडाक्षरातील रकार पुढे सरकणे ही बोलीच्या स्वभावास धरून झालेली वर्णविपर्ययाची क्रिया होय. त्या नव्या रूपास ‘पत्रा’ या शब्दाचा आधार मिळाला, आणि हे सरकार अपराध्याच्या पायाला पत्रे ठोकते अशी समजूत दृढ झाली. ही लोकव्युत्पत्ती भाषाशास्त्रदृष्ट्या चूक असली तरी इतिहासदृष्ट्या बोलकी आहे. शासन म्हणजे प्रथम शिक्षा करण्याची शक्ती, हा शेतकऱ्याचा शतकांचा अनुभव तिने नव्या नावात ओतला. लोकांना हे सरकार खरे वाटले ते ते शिक्षा करू शकत होते म्हणून.

संबोधनांचाही असाच विचार करता येईल. भूमिगत कार्यकर्ते खेड्यात दादा, अण्णा, बापू, आबा, नाना या नात्यांनी ओळखले जात. खरे नाव झाकण्याची सोय त्यात होती, आणि घरात आश्रय मागणाऱ्यास नाते लागे हेही खरे. वसंतदादा, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड ही नावे पुढे जन्मभर टिकली. परंतु सत्तेच्या शिखरावर गेलेल्या यशवंतरावांना महाराष्ट्राने ‘साहेब’ म्हटले. गोऱ्या अधिकाऱ्यास लागणारा हाच शब्द होता. त्यात आदर आहे, तसे अंतरही आहे.

५. १९४६ : न्याय सोडला, उमेदवारी घेतली

गांधीजींनी १९४४ मध्ये भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला. बंगालमधील तमलूकच्या जातीय सरकारने तो मानून आपले काम संपविले. साताऱ्यातील बहुतेक भूमिगतांनी तो मानला नाही. पण जे गांधीजींच्या शब्दाने झाले नाही, ते निवडणुकीने झाले. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेस विजयी झाली, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबईत अधिकारावर आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि नाना पाटील जनतेसमोर प्रकट झाले. यशवंतराव चव्हाण विधानसभेवर निवडून आले आणि संसदीय चिटणीस झाले. ते ज्या गृहखात्यात गेले त्याचे मंत्री मोरारजी देसाई होते, आणि त्याच खात्याच्या पोलिसांनी आदल्या चार वर्षांत भूमिगतांचा पाठलाग केला होता.

मंत्रिमंडळ आपल्याच पक्षाचे असता त्याच्या शेजारी दुसरे सरकार चालविणे शक्य नव्हते. न्यायमंडळे विसर्जित झाली. हे अपरिहार्य होते असे म्हणता येईल, आणि कायद्यापुढील समतेच्या दृष्टीने ते इष्टही होते. परंतु त्यांच्या जागी काय आले? तीच कचेरी, तोच तलाठी, तीच दिवाणी न्यायालये आणि त्याच तारखा. आयर्लंडमध्येही असेच घडले होते. तेथील प्रजासत्ताकवाद्यांनी १९२० पासून चालविलेली न्यायालये १९२२ मध्ये नव्या आयरिश सत्तेनेच मोडीत काढली. राज्य हाती येताच चळवळ आपली स्वतःची यंत्रणा सोडते व शत्रूची यंत्रणा स्वीकारते, कारण ती तयार असते, सर्वत्र पसरलेली असते आणि आज्ञा पाळण्यास सवकलेली असते.

गावाने आपला निवाडा करण्याचा अधिकार सोडला, आणि त्याच्या मोबदल्यात त्यास आपला उमेदवार निवडण्याचा अधिकार मिळाला. पंच होता तेथे प्रतिनिधी आला. पंच तंटा तोडीत असे. प्रतिनिधी तंटा तोडीत नाही, तो कचेरीकडे शब्द टाकतो. ‘शिफारस’ आणि ‘चिठ्ठी’ या शब्दांना ग्रामीण राजकारणात जे महत्त्व चढले, त्याचे मूळ या बदलात शोधले पाहिजे.

६. फुटीची दोन वर्षे

सत्ता आल्यानंतर पक्षाला आपल्या सीमा ठरवाव्या लागतात. चळवळीत समाजवादी, सत्यशोधक, गांधीवादी व साम्यवादाकडे झुकलेले तरुण एका छपराखाली राहू शकत होते. काँग्रेसने अंतर्गत संघटित गटांना मनाई करताच ते अशक्य झाले. समाजवाद्यांनी मार्च १९४८ मध्ये नाशिक येथे काँग्रेस सोडण्याचा निर्णय केला. शंकरराव मोरे व केशवराव जेधे यांनी काँग्रेसमध्येच उभा केलेला शेतकरी कामगार संघ १९४८ मध्ये स्वतंत्र पक्ष झाला. नाना पाटील, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड आदी प्रतिसरकाराचे अग्रणी त्या पक्षात गेले. यशवंतराव आरंभी त्या संघाच्या जवळ असूनही काँग्रेसमध्येच राहिले. वसंतदादा व किसन वीरही राहिले. गांधीजींनी मृत्यूपूर्वी काँग्रेसचे विसर्जन करून लोकसेवक संघ करावा अशी सूचना लिहून ठेविली होती. तिचा मार्ग राहिलेल्यांनी धरला नाही आणि गेलेल्यांनीही धरला नाही. गेलेल्यांनी दुसरा पक्ष काढला.

याच काळात चळवळीची एक काळी बाजूही उघडी पडली. ३० जानेवारी १९४८ नंतर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली आणि अनेक कुटुंबे कायमची गाव सोडून गेली. सावकारी व भिक्षुकशाहीविरुद्धचा सत्यशोधकी विचार येथे एका जातीविरुद्धच्या हिंसेत घसरला. त्याच वर्षी मुंबई सरकारने भाऊराव पाटलांच्या संस्थेचे अनुदान थांबविले, ते पुढे लोकमताच्या दडपणाने पूर्ववत झाले. ज्या संस्थेने कार्यकर्ते घडविले, तिच्याकडेही नवे सरकार सरकार म्हणूनच पाहू लागले होते.

नव्या पक्षाला १९५२ च्या निवडणुकीत अपयश आले. पक्षात फूट पडली होती आणि मोरे-जेधे काही वर्षांत काँग्रेसमध्ये परतले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. तथापि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने जुने सामर्थ्य पुन्हा जागे केले. १९५७ च्या निवडणुकीत सातारा लोकसभा मतदारसंघातून नाना पाटील विजयी झाले. त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि स्वतः कऱ्हाडमधून थोड्या मतांनी निवडून आले होते. ज्या लोकांनी पंधरा वर्षांपूर्वी दोघांनाही घरात दडविले होते, त्यांच्यापुढे आता दोन वारसदार उभे होते.

७. साखर कारखाना आणि जिल्हा परिषद

१९५७ चा धडा यशवंतरावांनी जाणला. विरोधकांना सामावून घेण्याच्या त्यांच्या धोरणास ‘बेरजेचे राजकारण’ असे नाव पडले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाल्यावर शेतकरी कामगार पक्षातील यशवंतराव मोहित्यांसारखे कर्तबगार नेते काँग्रेसमध्ये आले. १९६२ मध्ये साताऱ्याची लोकसभेची जागा काँग्रेसच्या किसन वीरांनी जिंकली. केवळ माणसे ओढून घेतल्याने हे घडले असे समजणे चूक ठरेल. पक्षापाशी आता वाटण्यासारखे काही होते, आणि ते वाटण्यासाठी संस्था होत्या.

कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळास मालकी देण्याचे तत्त्व अमलात आणले. सत्यशोधकांची एक जुनी मागणी कायद्याच्या मार्गाने पुरी झाली. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना वसंतदादांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला, कृष्णाकाठी रेठऱ्यास दुसरा कारखाना झाला, आणि पुढे साखराळे, भुईंज येथे अशीच कारखानदारी वाढली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. याच काळात पाटीलकीची वतनेही संपुष्टात आली. तालुक्यातील कार्यकर्त्यास आता पदे, कर्ज, रस्ता, शाळा, नोकरी या सर्वांपर्यंत पोहोचणारा मार्ग मिळाला. प्रतिसरकाराने विणलेले विश्वासाचे जाळे येथे उपयोगी पडले. ज्याच्या शब्दावर गावाने भूमिगतास भाकरी दिली होती, त्याच्याच शब्दावर गावाने कारखान्याचे भाग घेतले. वसंतदादांना मिळालेली ‘सहकारमहर्षी’ ही पदवी नाना पाटलांच्या ‘क्रांतिसिंह’ या पदवीशेजारी ठेवली असता वीस वर्षांचे अंतर लक्षात येते.

या रचनेने खेड्याचे कल्याण झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाणी, शिक्षण, दवाखाना व रोख पैसा या भागात आला तो बऱ्याच अंशी तिच्यामुळे. परंतु न्यायमंडळात तंटा घेऊन येण्यास जमिनीची अट नव्हती. कारखान्याचे सभासद होण्यास ऊस पिकवावा लागे, आणि उसास जमीन व पाणी लागे. भूमिहीन मजूर या वर्तुळाच्या बाहेर राहिला. कृष्णाकाठचा बागाईतदार आत आला. माण, खटाव, आटपाडी, जत येथील कोरडवाहू शेतकरी कडेला राहिला. वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे. १९४२ मध्ये तेथील माणसांनी रक्त सांडले. सत्तेबरोबर आलेले पाणी मात्र दुसऱ्या तालुक्यांत आधी वाहिले.

विरोधात राहिलेल्यांनाही संस्थांवाचून चालले नाही. नागनाथ नायकवडींनी वाळव्यास प्रतिसरकारातील आपले सहकारी किसन अहिर यांच्या नावाने साखर कारखाना काढला, जी. डी. लाडांनी कुंडल येथे ‘क्रांती’ कारखाना उभारला. पक्ष भिन्न राहिला, पण लोकांपर्यंत पोहोचण्याचे साधन एकच झाले. फरक पडला तो एवढाच, की १९९३ पासून आटपाडीस भरणाऱ्या दुष्काळग्रस्तांच्या पाणी परिषदांमागे नागनाथअण्णाच उभे राहिले. समन्यायी पाणीवाटपाची ही मागणी म्हणजे न्यायमंडळापुढे आलेल्या फिर्यादीचीच पुढची पायरी होय.

८. निष्कर्ष

आरंभीच्या प्रश्नाकडे परत वळता येईल. प्रतिसरकाराची तीन प्रमुख कामे होती : संरक्षण, संघटन व न्याय. संरक्षणाचे काम जुन्या पोलीस यंत्रणेकडे परत गेले. संघटनाचे काम पक्षाने उचलले आणि सहकार व जिल्हा परिषद यांच्या द्वारे ते अधिक विस्तृत केले. न्यायाचे काम मात्र कोणीच उचलले नाही. दिवाणी न्यायालय ते करू शकत होते. पण गावापासून ते पूर्वीइतकेच दूर राहिले. सत्ताधारी पक्ष विरोधकांपेक्षा बलवान ठरला तो संघटनाचा वारसा त्याने घेतला म्हणून. त्याच्याविषयी पुढे जी नाराजी साठत गेली, तिच्या मुळाशी न्यायाचा वारसा सोडून दिल्याची बोच होती.

बंगालमध्ये तमलूकच्या सरकारातील अजय मुखर्जी १९६७ साली काँग्रेसबाहेर पडून मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्रात तसे काही होण्यास आणखी एका दशकाहून अधिक काळ लोटावा लागला, यावरून सातारा-सांगलीतील सहकाराची पकड किती घट्ट होती हे समजते. स्वातंत्र्य चळवळीचा सत्ताधारी पक्ष झाल्यावर कोणत्याही प्रदेशात अभ्यासकाने प्रथम तपासावे ते हे, की लोकांनी लढ्याच्या काळात स्वतःकडे घेतलेला कोणता अधिकार त्यांनी परत दिला, कोणाच्या हाती दिला, आणि त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळाले. मंत्र्यांची चरित्रे त्यानंतर वाचावीत.